मूल दोघांचेही : विभक्त माता-पित्यांसाठी पालकत्वाचा आराखडा

हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचे स्थानक म्हणजे खांदेश्वर. जवळच्या तलावाकाठी असलेल्या महादेवाच्या मंदिरावरून स्थानकाला हे नाव पडले. एका बाजूस खांदा कॉलनी आणि नवीन पनवेल, दुसऱ्या बाजूस कामोठे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, तेव्हा येथे भातखाचरे आणि मिठागरे होती. आज येथे सातारा, सोलापूर, जळगाव, रत्नागिरी अशा नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबे दोन-तीन खोल्यांच्या घरांत राहतात. पती एका दिशेस नोकरीला जातो, पत्नी दुसऱ्या दिशेस. सासू-सासरे गावी, आई-वडील त्याहून दूर. अशा घरात मतभेद विकोपाला गेले आणि दोघे वेगळे झाले तर मधे पडावयास वडीलधारे माणूस जवळ नसते आणि मुलाला मांडीवर घेणारी आजीही नसते.

शनिवारी सायंकाळी अशा एखाद्या स्थानकाबाहेर एक दृश्य दिसू शकते. पाठीवर दप्तर, हातात कपड्यांची पिशवी घेतलेले आठ-नऊ वर्षांचे मूल आईच्या हातून सुटून वडिलांच्या हाती जाते. दोन मोठी माणसे एकमेकांकडे न पाहता उभी असतात. मूल मात्र दोघांकडे आळीपाळीने पाहते. त्याने काय बोलावे, कोणाकडे पाहून हसावे, हेही त्याला उमगत नाही. त्याची ही दोन मिनिटे सुसह्य कशी करता येतील, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न जुना, स्वरूप नवे

महाराष्ट्रात विवाहविच्छेद सर्वस्वी नवा नाही. अनेक समाजांत काडीमोड किंवा फारकत देण्याची रूढी पूर्वापार होती. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याने सिद्ध होणाऱ्या अशा रूढींना धक्का लावला नाही. बडोदा संस्थानात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे झाले. पुढे १९५५ चा अधिनियम देशभर लागू झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद त्यात आली.

रूढीने होणाऱ्या फारकतीत देणे-घेणे, दागिने, भांडीकुंडी यांचा हिशेब पंचांसमक्ष होत असे. मुलांचा हिशेब बहुधा एका वाक्यात संपे : मूल बापाच्या घरचे. आई पुन्हा संसाराला लागली की तिची व मुलाची गाठ जत्रेत किंवा लग्नकार्यात पडली तर पडली. त्या व्यवस्थेत मुलाचे अन्नवस्त्र सुटत नसे, कारण घर मोठे असे. पण मुलाच्या मनाचा विचार त्या हिशेबात नव्हता. आता मोठे घर उरले नाही आणि मुलाच्या मनाचा विचार टाळता येण्याजोगा राहिला नाही. प्रश्नाचे नवेपण येथे आहे.

‘ताबा’ या शब्दाविषयी

न्यायालयाच्या भाषेत मुलाच्या संदर्भात ‘ताबा’ हा शब्द रूढ आहे. ताबा जमिनीचा असतो, घराचा असतो, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून त्याचे वाद चालतात. तोच शब्द मुलास लावला की आई-वडिलांच्या मनात नकळत जमिनीच्या दाव्याची वृत्ती शिरते : एकाने जिंकावयाचे, दुसऱ्याने हरावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच एका निकालात बजावले आहे की, मुले ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत किंवा खेळणीही नव्हेत. त्याहीपूर्वी, १९४१ च्या निकालसंग्रहात आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, पित्याचे अथवा मातेचे नव्हे तर अज्ञान बालकाचे हित सर्वश्रेष्ठ मानावयाचे, असा दंडक घालून दिला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही अभिमानाची बाब होय.

इतर देशांनी हा शब्दच बदलून पाहिला. इंग्लंडने १९८९ च्या बालक कायद्यात ‘ताबा’ या कल्पनेऐवजी मूल कोणाकडे राहील आणि कोणाशी त्याचा संपर्क राहील, अशी भाषा स्वीकारली. कॅनडाच्या घटस्फोट कायद्यातील अशीच दुरुस्ती १ मार्च २०२१ पासून अमलात आली. तेथे आता ‘पालकत्वाचा काळ’ आणि ‘निर्णयाची जबाबदारी’ असे शब्द योजले जातात. शब्द बदलल्याने माणसे लगेच बदलत नाहीत. तरी वादाचा रोख ‘मूल कोणाचे?’ यावरून ‘मुलासाठी कोणी काय करावयाचे?’ याकडे वळतो, हे खरे.

आपला कायदा काय सांगतो

या विषयाशी संबंधित मुख्य कायदे पुढीलप्रमाणे आहेत. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू आहे. अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाकडे त्याच्या पालकत्वासंबंधी अर्ज करावयाचा असतो. मुलाचे वय, स्त्री-पुरुषभेद, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचे चारित्र्य व पात्रता हे न्यायालय पाहते. स्वतःचे मत समजून सांगण्याइतके मूल मोठे असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे. याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. नैसर्गिक पालक म्हणून ‘पिता आणि त्याच्यानंतर माता’ असे शब्द या कायद्यात आहेत. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा न घेता, पित्याच्या अनुपस्थितीत असा घेतला आणि मातेस पित्याच्या हयातीतही पालकत्व करता येते, हे स्पष्ट केले.

हिंदू विवाह अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाखाली घटस्फोटाच्या दाव्यात न्यायालय मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश देऊ शकते आणि पुढे परिस्थिती पालटल्यास ते बदलूही शकते. विशेष विवाह अधिनियम, पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम आणि ख्रिस्ती धर्मीयांना लागू असलेला घटस्फोट अधिनियम यांतही अशाच तरतुदी आहेत. मुस्लिम विधीत लहान मुलांच्या संगोपनाचा मातेचा हक्क ‘हिजानत’ या नावाने मान्य आहे. धर्म कोणताही असो, न्यायालयापुढे अखेरची कसोटी मुलाच्या हिताचीच असते.

कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ साली संमत झाला. या न्यायालयांनी प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, समुपदेशकांचे व तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे आणि वातावरण शक्य तितके अनौपचारिक ठेवावे, असा त्याचा उद्देश आहे. मुंबईत वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी स्वतंत्र बालसंकुल आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय स्थापन झालेले नाही तेथे ही प्रकरणे जिल्हा न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येतात. खांदेश्वर परिसर नवी मुंबईचा भाग म्हणून ओळखला जात असला तरी तो पनवेल तालुक्यात, म्हणजेच रायगड जिल्ह्यात आहे. अर्ज करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, अन्यथा चुकीच्या न्यायालयात हेलपाटे घडतात.

पालकत्वाचा आराखडा म्हणजे काय?

न्यायालयाचा आदेश पुष्कळदा दोन ओळींचा असतो : मूल मातेकडे राहील, पित्यास दर रविवारी भेटीचा हक्क राहील. रविवारी किती वाजता, कोठे, परीक्षा असेल तर काय, मूल आजारी असेल तर काय, दिवाळीत कोणाकडे, शाळेचा खर्च कोणी करावयाचा, यांविषयी त्यात काही नसते. प्रत्येक रविवार मग नव्या भांडणाचे निमित्त होतो. या सर्व बाबी आधीच, शांतपणे, दोघांच्या संमतीने लिहून काढणे म्हणजे पालकत्वाचा आराखडा.

भारतीय विधी आयोगाने मे २०१५ मध्ये सादर केलेल्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची कल्पना कायद्यात आणावी, मध्यस्थीवर भर द्यावा आणि पालकत्वाच्या आराखड्यास उत्तेजन द्यावे, अशा शिफारशी केल्या. मुंबईतील चाइल्ड राइट्स फाउंडेशन या संस्थेनेही मुलांच्या भेटी व ताबा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आणि आराखड्याचा नमुना तयार केला आहे. आपल्याकडे असा आराखडा करण्याची सक्ती अद्याप कोणत्याही केंद्रीय कायद्याने केलेली नाही. परंतु दोघांनी तो संमतीने केला आणि न्यायालयाने स्वीकारला, तर तो संमतीच्या अटींचा भाग होतो व आदेशाइतकाच बंधनकारक ठरतो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक कुटुंब घेऊ. आई खांदेश्वर येथे राहते व एका रुग्णालयात परिचारिका आहे. वडील ठाण्यास एका कारखान्यात नोकरीस आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. वडिलांचे आई-वडील माणगाव तालुक्यातील गावी असतात. दोघे परस्पर संमतीने विभक्त होत आहेत आणि मुलांनी आईकडे राहावे यास दोघांची मान्यता आहे.

प्रथम नित्याचे वेळापत्रक. शाळेच्या दिवसांत मुले आईकडे. पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता वडील खांदेश्वर स्थानकाच्या तिकीटघराजवळ मुलीस घेतील व रविवारी सायंकाळी सहा वाजता तेथेच आणून सोडतील. चार वर्षांचा मुलगा पहिले सहा महिने मुक्कामास जाणार नाही. त्या दोन्ही रविवारी वडील सकाळी येऊन त्यास दिवसभर जवळच नेतील. सहा महिन्यांनंतर, तो रुळला असल्यास, एका रात्रीचा मुक्काम सुरू होईल. दर बुधवारी सायंकाळी साडेसात वाजता वडील दूरध्वनीवर मुलांशी बोलतील. त्या वेळी आई दूरध्वनी मुलांच्या हाती देईल आणि बाजूस होईल.

आता सण. माणगावच्या घरी गणपती असतो. मुलीच्या आठवणी त्या घराशी जडलेल्या आहेत, म्हणून गणेशचतुर्थीचे दोन दिवस मुले दरवर्षी वडिलांबरोबर आजी-आजोबांकडे जातील. दिवाळीची सुटी अर्धी-अर्धी, लक्ष्मीपूजन एका वर्षी आईकडे तर पुढच्या वर्षी वडिलांकडे. मे महिन्याच्या सुटीचे दोन समान भाग, मुलगा लहान असेतो एका वेळी सात दिवसांहून अधिक नाहीत. वाढदिवस ज्याच्या वाट्याच्या दिवशी येईल त्याच्याकडे. दुसऱ्याने सायंकाळी तासभर येऊन औक्षणास उभे राहावे.

या भागासाठी एक कलम विशेष आवश्यक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रुळांवर पाणी येऊन लोकल गाड्या थांबतात. अशा दिवशी मूल जेथे असेल तेथेच राहील, दुसऱ्यास तत्काळ कळविले जाईल आणि हुकलेली भेट पुढच्या शनिवारी भरून काढली जाईल. कलम वाचताना क्षुल्लक वाटते. पण मूल परत आले नाही म्हणून रात्री पोलीस ठाण्यापर्यंत जाणारी तक्रार या तीन ओळींनी टळू शकते.

खर्चाचे गणितही उदाहरणादाखल पाहू. वडिलांचे मासिक वेतन ४५ हजार आणि आईचे ३० हजार असेल तर प्रमाण तीनास दोन असे पडते. शाळेची फी, पुस्तके, गणवेश व मोठे वैद्यकीय खर्च याच प्रमाणात वाटून घ्यावेत. म्हणजे वर्षाचा शैक्षणिक खर्च ५० हजार झाला तर वडिलांनी ३० हजार आणि आईने २० हजार द्यावेत. मुलांच्या नित्याच्या खर्चासाठी वडिलांनी दरमहा ठरलेली रक्कम पाच तारखेपर्यंत आईच्या बँक खात्यात भरावी आणि दरवर्षी जूनमध्ये तिचा फेरविचार व्हावा. रोखीने दिलेल्या पैशांचे वाद पुढे मिटत नाहीत, म्हणून व्यवहार खात्यातूनच व्हावा.

आराखड्यात कोणत्या बाबी असाव्यात?

वरील उदाहरणावरून सर्वसाधारण आराखड्याची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल :

१. मूल सामान्यतः कोणाकडे राहील, दुसऱ्याकडे केव्हा व किती काळ राहील; वार, वेळ आणि देवाणघेवाणीचे ठिकाण.

२. सण, शाळेच्या सुट्या, वाढदिवस, घरची लग्नकार्ये.

३. शाळा, शिक्षणाचे माध्यम, शिकवणी, धार्मिक संस्कार यांविषयीचे निर्णय : कोणते एकट्याने घ्यावयाचे आणि कोणते दोघांनी मिळून.

४. आरोग्य : नेहमीचा डॉक्टर, लसीकरणाची नोंद, तातडीच्या प्रसंगी निर्णय कोणाचा. जवळ असलेल्या पालकाने उपचारास विलंब न लावता दुसऱ्यास लगेच कळवावे, हा नियम सर्वांत सोयीचा.

५. पोषणखर्च व इतर खर्चाची वाटणी, त्यातील वाढ.

६. जन्मदाखला, आधारपत्र, शाळेचे दाखले, पासपोर्ट कोणाजवळ राहतील. दुसऱ्याकडे त्यांच्या प्रती असाव्यात.

७. बाहेरगावी किंवा परदेशी नेण्यापूर्वी किती दिवस आधी कळवावयाचे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवणुकीसंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. एकदा परदेशी नेलेले मूल परत आणणे म्हणूनच कठीण होते. परदेशप्रवासास दोघांची लेखी संमती असावी.

८. आजी-आजोबा, मामा, आत्या यांच्या भेटी.

९. बदली, स्थलांतर किंवा पुनर्विवाह झाल्यास काय करावयाचे.

१०. मतभेद झाल्यास प्रथम कोणाकडे जावयाचे : दोघांचा विश्वास असलेले वडीलधारे, समुपदेशक, त्यानंतर न्यायालय.

११. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, आराखड्याचा फेरविचार.

यांखेरीज एक कलम असे असावे की जे कोणत्याही न्यायालयास मोजता येणार नाही : दोघांपैकी कोणीही मुलासमोर दुसऱ्याची निंदा करणार नाही आणि मुलाकरवी निरोप पाठविणार नाही. ‘तुझ्या बापाला सांग, पैसे आले नाहीत’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाने गाडीतून घेऊन जावे, यासारखे ओझे दुसरे नाही. एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याच्या प्रवृत्तीची गंभीर दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली आहे.

वयाप्रमाणे गरज बदलते

तान्ह्या मुलास आठवडा हा फार मोठा काळ असतो. त्याला दुसऱ्या पालकाच्या दीर्घ मुक्कामापेक्षा वरचेवर होणाऱ्या लहान भेटी अधिक मानवतात. शाळकरी मुलास नियमितपणा हवा असतो. ‘परवा बाबा येणार’ हे त्याला निश्चित ठाऊक असले पाहिजे. बाबांनी येतो म्हणून न येणे हे त्याला भेट मुळीच नसण्याहून अधिक लागते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास मित्र, शिकवणी, खेळ यांचे स्वतःचे जग असते. त्याच्याशी बोलूनच वेळापत्रक ठरवावे. एकच आराखडा दहा वर्षे चालेल अशी अपेक्षा करणे म्हणजे पहिलीतला गणवेश दहावीत घालण्यासारखे होय.

मुलाचे मत विचारावे, पण निवड त्याच्यावर लादू नये. ‘तुला गणपतीला गावी जायला आवडेल का?’ हा प्रश्न योग्य. ‘तुला आई हवी की बाबा?’ हा प्रश्न कोणीही, कधीही विचारू नये. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, आई-वडिलांपासून वेगळे राहणाऱ्या मुलास दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे, असे म्हटले आहे. मात्र ते त्याच्या हिताविरुद्ध असता कामा नये. म्हणजे भेट हा मुलाचा हक्क आहे. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे दृक्श्राव्य संपर्काचा उपयोग करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या एका निकालात सांगितले. मूल आईकडे खांदेश्वरला आणि वडील नोकरीनिमित्त आखाती देशात, अशा कुटुंबांना याचा आधार घेता येईल.

कोठे सावध राहावे?

प्रत्येक प्रकरणात दोघांनी समोरासमोर बसून आराखडा करावा असे नाही. जेथे मारहाण, व्यसनातून होणारा छळ किंवा मुलाशी गैरवर्तन घडले आहे, तेथे संमती हा शब्द पोकळ असतो. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या एकविसाव्या कलमान्वये दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि भेट मुलास अपायकारक ठरेल असे वाटल्यास ती नाकारू शकतात. भेट द्यावयाचीच असेल तर ती त्रयस्थाच्या देखरेखीखाली व्हावी. अशा प्रसंगी संरक्षण अधिकारी, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ या क्रमांकांचे साहाय्य घ्यावे.

दुसरी सावधगिरी पैशांसंबंधीची. ‘पोषणखर्च नाही तर भेट नाही’ किंवा ‘भेट नाही तर पैसे नाहीत’ असे दोन्ही बाजूंनी सर्रास बोलले जाते. दोन्ही चूक आहे. पोट आणि माया या मुलाच्या दोन स्वतंत्र गरजा आहेत, एकीची थकबाकी दुसरीतून वळती करता येत नाही. त्याचप्रमाणे ‘एकरकमी पैसे घेतले, आता मुलाच्या पोषणावर हक्क नाही’ असे आईने लिहून दिले तरी त्याने मुलाचा हक्क बुडत नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली पोषणाचा अर्ज करता येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ व्या कलमाचे स्थान या कलमाने घेतले आहे.

कागदापासून हुकमापर्यंत

मुद्रांकाच्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन नोटरीचा शिक्का मारला की घटस्फोट झाला आणि मुलांचा प्रश्नही सुटला, असा समज खेड्यांत व शहरांत सारखाच आढळतो. सिद्ध होणारी रूढी वगळता अशा कागदाने विवाह विच्छेद पावत नाही आणि मुलाविषयीच्या अटी न्यायालयाच्या आदेशासारख्या अमलातही आणता येत नाहीत. आराखड्याचा मसुदा घरी करावा, पण तो न्यायालयापुढे संमतीच्या अटींत दाखल करावा.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या व दुसऱ्या अर्जामध्ये सामान्यतः सहा महिन्यांचा अवधी असतो. काही परिस्थितीत न्यायालय तो माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे. पण मुले असलेल्या दांपत्याने हा काळ नुसता वाट पाहण्यात घालवू नये. मसुद्यातील वेळापत्रक या सहा महिन्यांत प्रत्यक्ष चालवून पाहावे. शनिवारची वेळ जुळते का, मूल मुक्कामास रुळते का, पैसे वेळेवर येतात का, हे कळते. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मग अनुभवाने सुधारलेला आराखडा न्यायालयापुढे ठेवता येतो.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना व बालकांना, त्यांच्या उत्पन्नाची अट न घालता, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांचे कार्य

घर मोडते तेव्हा मुलाच्या दिनक्रमात न बदललेली एकच जागा बहुधा उरते, ती म्हणजे शाळा. शिक्षकांनी या गोष्टीचे मोल जाणावे. मूल अचानक गप्प झाले, गृहपाठ राहू लागला, सोमवारी डोळे सुजलेले दिसले तर शिक्षा करण्यापूर्वी विचारपूस करावी. मात्र वर्गासमोर नव्हे. मुलास कोण नेऊ शकते याविषयी न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रत मुख्याध्यापकांनी मागून घ्यावी आणि त्याप्रमाणे वागावे. आदेशात मनाई नसेल तर प्रगतिपुस्तक व पालकसभेची सूचना दोघांनाही मिळावी. शिक्षकाने कोणाची बाजू घेऊ नये आणि मुलास साक्षीदार करू नये.

शासनाने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावानंतर प्रथम आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला आहे. दाखल्यावर आईचे नाव आले, आता व्यवहारातही आईस ‘पालक’ म्हणून पुरते स्थान मिळाले पाहिजे. ‘वडिलांची सही आणा’ म्हणून एकट्या आईस परत पाठविण्यापूर्वी ती सही खरोखरच आवश्यक आहे काय, हे संबंधित कर्मचाऱ्याने पाहावे.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. तिच्या समित्यांपुढे घरगुती तंटेही येतात. समितीस दोघांना एकत्र बसविता येईल, आजी-आजोबांची समजूत घालता येईल, मसुदा लिहिण्यास मदत करता येईल. पण मूल कोणाकडे राहावे याचा निवाडा देण्याचा अधिकार समितीस नाही, गावकीस नाही आणि जातपंचायतीस तर मुळीच नाही. असा निवाडा न मानल्याबद्दल कुटुंबास वाळीत टाकणे हा महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. हा कायदा २०१७ पासून अमलात आहे. पंचायत सदस्यांनी ही सीमा ओळखून काम केले तर त्यांच्याइतका उपयोगी मध्यस्थ दुसरा नाही, कारण त्यांना घरही ठाऊक असते आणि मूलही.

समारोप

विवाह संपुष्टात येऊ शकतो, पण पालकत्व संपुष्टात आणणारा हुकूम सहसा कोणतेही न्यायालय देत नाही. पती-पत्नी म्हणून जे दोघे एकमेकांस नकोसे झाले, त्यांना आई-वडील म्हणून मूल अठरा वर्षांचे होईतो, आणि त्यानंतरही त्याच्या लग्नमंडपापर्यंत, एकमेकांशी वागावेच लागते. हे वागणे रागलोभावर सोपवावयाचे की लिहून ठेवलेल्या चार नियमांवर, एवढीच निवड त्यांच्या हाती असते. आराखड्याने दुरावलेली मने जुळत नाहीत, तो त्याचा हेतूही नाही. पण पुढच्या शनिवारी चार वाजता स्थानकावर कोण येणार, हे मुलाला ठाऊक असते. त्याने हातातली पिशवी निर्धास्तपणे उचलावी, एकीचा निरोप घेताना आणि दुसऱ्याकडे धावताना त्याला अपराधी वाटू नये, एवढे साधले तरी त्या चार-पाच पानी कागदाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.